इंग्रजीचा क्लास : चालविणाऱ्यांस व शिकणाऱ्यांस

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, असे चिटणीसांनी सुचविले तेव्हा विषय शोधीत बसण्याची पाळी आमच्यावर आली नाही. गेली काही वर्षे ट्रस्टकडे शिष्यवृत्तीच्या अर्जांबरोबर एक नवी विचारणा येऊ लागली आहे. पदवी घेऊन घरी बसलेले तरुण, आणि त्यांतही मुली अधिक, विचारतात, "सर, घरीच इंग्रजीचा क्लास काढावा म्हणते, जमेल का?" आणि त्याच गल्लीतले पालक वेगळेच गाऱ्हाणे घेऊन येतात, "मास्तर, पोराला क्लासला घातला, तीन महिने हौसेने गेला, आता नको म्हणतो. फी भरून बसलोय." दोन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे. शिकणारा मध्येच का थांबतो हे ज्याला उमगले, त्याचाच क्लास दुसऱ्या वर्षी उघडा राहतो. म्हणून येथे दोन्हींचा विचार एकत्र करण्याचे योजिले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आम्ही नोकरीतले शिक्षक. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमान्वये शिक्षकास खासगी शिकवणी करण्यास मनाई आहे, आणि ती सर्वस्वी योग्य आहे असे आमचे मत आहे. सकाळी वर्गात अर्धे शिकवावे आणि उरलेले अर्धे संध्याकाळी त्याच मुलांना पैसे घेऊन द्यावे, यासारखी दुसरी लबाडी नाही. तेव्हा आम्ही क्लासचे मालक या नात्याने लिहीत नसून, मराठी माध्यमाच्या शाळेत वीस वर्षे इंग्रजी शिकविणारे या नात्याने लिहीत आहोत. शिवाय आमच्या हातून गेलेल्या चार-पाच विद्यार्थ्यांनी बेळगाव शहरात व आसपास असे क्लास काढले आहेत. ते अधूनमधून आपल्या हिशेबाच्या वह्या आम्हांस दाखवितात. त्यांतूनही बरेच शिकावयास मिळाले.

आपल्या भागातील मुलाची गोष्ट इतर ठिकाणच्या मुलापेक्षा निराळी आहे. शहापूर किंवा वडगावकडील एखाद्या मुस्लिम घरातले पोर घ्या. घरात आईशी दखनी बोलते, शाळेत मराठीतून शिकते, वर्गात कन्नडचा तास असतो, खडेबाजारात दुकानदार ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत उत्तर देते, आणि संध्याकाळी मौलवीसाहेबांकडे अरबी हरफ गिरवते. शेजारच्या मराठा घरातल्या मुलाचीही दखनी कानावरची असते, आणि कन्नड तर असतेच. असे पोर इंग्रजीत नापास झाले की घरातले म्हणतात, "याला भाषेचे डोकेच नाही." तीन भाषांत भांडण करून जिंकून येणाऱ्या मुलाविषयी हे बोलले जाते! क्लास काढणाऱ्याने पहिल्या दिवशी पालकांचा हा गैरसमज काढावा. मुलाला भाषा येते. इंग्रजी फक्त त्याला अजून कोणी कामासाठी वापरावयास दिलेली नाही.

शिकण्याची इच्छा कशातून उपजते, याचा शास्त्रीय विचार कॅनडातील गार्डनर व लॅम्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी केला. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी दोन प्रकारच्या प्रेरणा सांगितल्या. एक, त्या भाषेच्या लोकांत मिसळावे, त्यांच्यासारखे व्हावे ही ओढ. दुसरी, नोकरी, परीक्षा, धंदा यांसाठी भाषेचा साधन म्हणून उपयोग. पहिली प्रेरणा अधिक खोल व अधिक टिकाऊ, असा त्या काळी समज होता. त्याच वर्षी यास्मीन लुकमानी या विदुषींनी मुंबईतील मराठी भाषिक हायस्कूल विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात उलटे चित्र दिसले. या मुलांना इंग्रज लोकांसारखे व्हावयाचे नव्हते. आपल्या समाजातच राहून आपली स्थिती सुधारावी, यासाठी त्यांना इंग्रजी हवे होते. आणि ज्यांची ही साधनरूप इच्छा अधिक, त्यांचे इंग्रजीही अधिक चांगले, असे आढळले.

हा निष्कर्ष आम्हांस फार मोलाचा वाटतो. कित्येक क्लासवाले भिंतीवर लंडनच्या पुलाचे चित्र लावतात, मुलांना टाय बांधावयास सांगतात, आणि वर्गात मराठी शब्द उच्चारला तर दंड घेतात. यामागे कल्पना अशी की मूल साहेबी वातावरणात आले म्हणजे साहेबी भाषा बोलेल. आमच्या मुलांना ते नाटक वाटते, आणि नाटकाचा कंटाळा लवकर येतो. उलट उद्यमबागेतील फौंड्रीत काम करणाऱ्या मुलाला यंत्रावरची सूचनापट्टी वाचावयाची असते, गोव्याच्या हॉटेलात नोकरी धरणाऱ्याला पाहुण्याची तक्रार ऐकून घ्यावयाची असते, परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीला रुग्णाच्या कागदावरील चार ओळी लिहावयाच्या असतात. आपले काम ज्या वाक्याने होणार ते वाक्य आज मिळाले, तर उद्या तो पुन्हा येतो. घरची भाषा सोडण्याची अट त्याला घालू नये. मराठीतून समजावून दिलेले इंग्रजी कमअस्सल असते ही समजूत चुकीची आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या किती पिढ्या इंग्रजी शिकल्या, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे.

आता तीन महिन्यांनी होणाऱ्या कंटाळ्याकडे वळू. त्याचे खापर बहुधा मुलाच्या आळसावर फोडले जाते. खरे कारण भाषेच्या घडणीतच आहे, आणि ते पालकांस व शिकणारास आधीच सांगून ठेवले तर अर्धे काम होते.

मायकेल वेस्ट नावाचे एक शिक्षणतज्ज्ञ पूर्वी बंगालात डाक्का येथे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. खेड्यापाड्यांतल्या बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून त्यांनी क्रमिक पुस्तके रचली व पुढे १९५३ साली इंग्रजीतील सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातील शंभरातले सुमारे ८० शब्द या २००० तच सापडतात. आता गंमत पाहा. शिकणारा प्रथम जे शब्द शिकतो ते सर्वांत अधिक वेळा येणारे असतात. पहिले २०० शब्द आले की जिकडे पाहावे तिकडे ओळखीचे शब्द दिसू लागतात. दुकानाची पाटी, साबणाचे वेष्टन, गाडीवरची सूचना. मुलाला वाटते, आपण झपाट्याने पुढे चाललो. नंतरचा प्रत्येक शब्द मात्र कमी वेळा भेटतो. मेहनत तेवढीच, किंबहुना जास्त, पण फळ दृष्टीस पडत नाही. पंधराशेव्या शब्दावर असलेल्या विद्यार्थ्याला आपण महिनाभर जागच्या जागी आहोत असे वाटते. प्रत्यक्षात तो चालत असतो. घाट चढताना पहिल्या वळणावर गाव एकदम खाली गेलेले दिसते आणि पुढे तासभर चढूनही दृश्य तेच राहते, तसा हा प्रकार आहे.

यावर उपाय असा की प्रगती मोजण्याचे माप बदलावे. पहिल्या तीन महिन्यांत शब्द मोजले तर चालतात. पुढे कामे मोजावीत. या महिन्यात काय करता आले? बँकेत खाते उघडण्याचा अर्ज स्वतः भरला, दूरध्वनीवरून दोन मिनिटे इंग्रजीत बोलून तक्रार नोंदविली, औषधाच्या बाटलीवरची माहिती वाचून आजीस सांगितली. आमची एक विद्यार्थिनी आपल्या क्लासमध्ये प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर अशी नोंद तारखेसह करून घेते. मूल सोडून जाण्याच्या बेतात दिसले की ती ते पान उघडून त्याच्या पुढ्यात ठेवते, बोलत काही नाही.

दुसरे कारण विस्मरणाचे. जर्मनीत एबिंगहाउस या संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाची मोजदाद प्रसिद्ध केली. निरर्थक अक्षरे पाठ केली तर तासाभरात निम्म्याहून अधिक जातात, एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश जातात, असे त्याला आढळले. हे ऐकून पालक घाबरतात; परंतु त्याच मोजणीचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश शिल्लक होतेच. म्हणजे गळती पहिल्या दिवशी सर्वांत जोराची, मग मंदावत जाते. आणि ती अक्षरे निरर्थक होती. अर्थ असलेली वाक्ये त्याहून बरी टिकतात. तेव्हा आठवड्यातून एकदा तीन तास बसविण्यापेक्षा रोज अर्धा तास बसविणे चांगले, आणि आजच्या धड्याची उजळणी उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने करावी. रविवारी तीन तासांचा क्लास ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांना भाडे कमी पडते हे खरे, पण सोमवारी सकाळी मुलांच्या डोक्यात काय उरते याचाही हिशेब करावयास हवा.

शिकवावे कसे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण क्लासची पत शेवटी यावरच ठरते.

आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. "मी काल बाजारात भावाबरोबर आंबे" एवढे ऐकल्यावरही पुढे घेतले, विकले की खाल्ले हे कळत नाही. आपण शेवटपर्यंत थांबतो. दखनीत तसेच, कन्नडातही तसेच. आपल्या मुलाच्या तिन्ही भाषा या बाबतीत एकमताच्या आहेत. इंग्रजीत मात्र कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद येते. त्यामुळे मूल इंग्रजी वाक्य जुळविताना सर्व सामान गोळा करून शेवटी क्रियापद शोधू लागते आणि तोवर समोरचा माणूस निघून जातो. याला व्याकरणाची व्याख्या सांगून उपयोग नाही. "आय वॉन्ट", "आय नीड", "आय लॉस्ट", "आय फाउंड" असे कर्ता-क्रियापदांचे जोड तोंडात बसवावेत आणि मग त्यांच्यापुढे एकेक वस्तू ठेवीत जावे. उभ्या रकान्यांत शब्द मांडून एका सारणीतून चाळीस-पन्नास वाक्ये करून घेण्याची जुनी पद्धत यासाठी उत्तम आहे. आजकाल तिला कोणी विचारीत नाही, पण ज्याच्याकडे फळा व खडू एवढेच भांडवल आहे त्याने ती टाकू नये.

मराठी मुलाची दुसरी अडचण "मला" ची. मला ताप आला, मला भूक लागली, मला दोन भाऊ आहेत, मला इंग्रजी येते. या चारही ठिकाणी मराठीत "मला" आहे आणि इंग्रजीत चारही वाक्ये "आय" ने सुरू होतात : "आय हॅव फीव्हर", "आय ॲम हंग्री", "आय हॅव टू ब्रदर्स", "आय नो इंग्लिश". हा एक धडा दोन दिवस नीट घेतला तर पुढच्या वर्षभरातील निम्म्या चुका टळतात असे आम्ही अनुभवाने सांगतो. याच ओघात "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" ही सार्वत्रिक खोडही मोडावी. भाऊ असणे ही काही चालू असलेली क्रिया नव्हे.

उच्चारांत प्रत्येक घराची खूण निराळी. दखनी बोलणारे मूल "इस्टेशन", "इस्कूल" म्हणते. मराठी मुलाला स्तोत्र, स्थळ, स्पष्ट या शब्दांची सवय असल्याने "स्टेशन" सहज म्हणता येते. कन्नड वळणाचे मूल "बस" ला शेवटी उकार लावून "बस्सु" करते. "व" चे दोन इंग्रजी उच्चार, एक दात ओठावर टेकवून आणि एक ओठांचा चंबू करून, यांची गफलत मात्र सगळेच करतात. एकाच बाकावर ही तीन मुले बसली असली तर त्यांनाच एकमेकांच्या उच्चारांवर लक्ष ठेवावयास सांगावे. हसणे होते, पण कोणा एकाचेच हसे होत नाही, कारण प्रत्येकाची पाळी येते.

आता कामातून भाषा. आपल्याच राज्याशी निगडित असा एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रकल्प चालला. बंगळूरच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचा त्यास आधार असल्याने तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यात व्याकरणाचे नियम शिकविले नाहीत. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा असे काही ठेवावयाचे आणि त्यावरून प्रश्न सोडवावयास लावावयाचे. लक्ष प्रश्नाकडे, भाषा त्या ओघात येते, अशी कल्पना. केवळ अशा रीतीने सर्व काही साधते असे आम्हांस वाटत नाही, सारणीचा सराव हवाच. परंतु मुलांची गोडी टिकविण्यास यासारखे साधन नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचे वेळापत्रक आणून "मामा सकाळी बंगळुरात पोचले पाहिजेत, तर येथून कधी निघावे, जेवणाचा डबा कोणत्या वेळेचा द्यावा" असा प्रश्न इंग्रजीत घातला, तर ज्या मुलाने महिनाभर तोंड उघडले नव्हते ते वाद घालू लागते. या साहित्याला पैसा पडत नाही. विजेचे बिल, लग्नपत्रिका, खताच्या पोत्यावरील सूचना, बँकेची पावती, हीच पाठ्यपुस्तके.

असो. आता पैशाकडे येऊ, कारण त्याविषयी कोणी उघड बोलत नाही आणि नव्या माणसाची फसगत तेथेच होते.

उपरोक्त विद्यार्थिनीने पहिला क्लास काढला तो दोन खोल्यांच्या घरात. पुढच्या खोलीत अम्मीचे शिवणयंत्र, तेच बाजूस सारून सात मुले बसत. मुस्लिम मुले तिला आपा म्हणत, मराठी मुले ताई म्हणत, आणि दोन कन्नड मुली अक्का म्हणत. पुढे सगळीच काहीही म्हणू लागली. रमजानात सायंकाळची वेळ इफ्तारमुळे सकाळी आणावी लागली आणि सातांतली तीन मुले गळाली, कारण त्यांची शाळा सकाळची होती. हे सारे आधी ठाऊक असते तर रमजानापुरती वेळ जाहीर करूनच प्रवेश दिले असते, असे ती सांगते. नव्या क्लासने वर्षाच्या आरंभीच ईद, गणेशोत्सव, दसऱ्याची सुटी व परीक्षा धरून दिनदर्शिका छापील स्वरूपात पालकांच्या हाती द्यावी.

हिशेबाचे एक उदाहरण मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. समजा, १२ मुलांच्या तीन तुकड्या, म्हणजे ३६ मुले, प्रत्येकी महिना ६०० रुपये फी. कागदावर २१,६०० रुपये होतात, आणि तरुण माणूस येथेच थांबून स्वप्ने पाहू लागतो. परंतु पाचांत एकाची फी थकते, बुडते किंवा माफ करावी लागते असे धरले तर हाती १७,२८० येतात. खोलीचे भाडे ५,००० आणि वीज, खडू, झेरॉक्स मिळून १,५०० वजा जाता १०,७८० राहतात. क्लास वर्षातून दहाच महिने चालतो. एप्रिल-मेमध्ये मुले आजोळी जातात, पण चूल बाराही महिने पेटते. तेव्हा १,०७,८०० रुपयांना बाराने भागले पाहिजे. महिन्याला नऊ हजारही पुरते पडत नाहीत. ज्याच्यावर घराची सारी जबाबदारी आहे त्याने केवळ या भरवशावर असलेली नोकरी सोडू नये, हे आम्ही प्रत्येकास तोंडावर सांगतो. जिच्या घरात दुसरी मिळकत आहे आणि घराबाहेर आठ तास राहणे जिला शक्य नाही, तिला मात्र हा मानाचा उद्योग आहे.

मिळकत वाढविण्याचा सोपा मार्ग म्हणजे तुकडीत १२ ऐवजी ३० मुले कोंबणे. हिशेब सुधारतो, शिकवणे बिघडते. एका तासात १२ मुलांना प्रत्येकी चार-पाच मिनिटे बोलावयास मिळतात. ३० झाली की दोनच, आणि तीही धीट मुलेच पळवितात. बोलावयास न मिळालेले मूल काही तक्रार करीत नाही, ते फक्त येईनासे होते. त्यापेक्षा प्रौढांची तुकडी जोडावी. आमच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने कारखान्यातील कामगारांसाठी रात्री साडेआठची तुकडी काढली आहे. हे लोक फी वेळेवर देतात, सुटीत आजोळी जात नाहीत, आणि का शिकतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. त्यांना अडचण एकच, चारचौघांत चुकण्याची लाज. चाळिशीतला माणूस आपल्या मुलाच्या वयाच्या शिक्षकासमोर चुकीचे वाक्य बोलावयास धजत नाही. म्हणून तेथे प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करू नये. बोलणे पुरे होऊ द्यावे, मनाशी दोन चुका टिपाव्यात, आणि तासाच्या शेवटी नाव न घेता त्या फळ्यावर लिहाव्यात. ज्याची चूक त्याला कळते. प्रौढांना "अरे-तुरे" तर मुळीच करू नये; मामा, चाचा, काका जे रूढ असेल ते म्हणावे, "अहो" म्हणावे.

स्त्रियांच्या तुकडीविषयी स्वतंत्र लिहिण्यासारखे आहे, पण जागा थोडी. एवढेच सांगतो की दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ त्यांना सोयीची, आणि लहान मूल बरोबर आणण्यास मुभा दिल्याखेरीज ही तुकडी चालत नाही.

जाहिरातीच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. "३० दिवसांत फाडफाड इंग्रजी" असल्या पाट्या आपल्या लोकांनी लावू नयेत. वर सांगितलेल्या २००० शब्दांचे गणित ज्याला कळले, तो असे वचन देणार नाही. रोज पाच नवे शब्द पक्के केले तरी त्याला ४०० दिवस लागतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही दिशाभूल करणारी आश्वासने देऊ नयेत, शिकविणारा किमान पदवीधर असावा, आणि पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे सांगितले आहे. त्या सूचना पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत, आणि सोळा वर्षांखालील मुलांस अशा केंद्रांत प्रवेश देऊ नये असेही त्यांत आहे. घरगुती लहान क्लास त्या मर्यादेबाहेर राहतो खरा, परंतु फी परतीचा नियम त्यानेही आपखुशीने पाळावा. एका मुलाचे दोन महिन्यांचे १,२०० रुपये परत केले तर तोटा १,२०० चा. न केले तर मोहल्ल्यात जे बोलले जाते त्याची किंमत अधिक. पुढे क्लास वाढून तुकड्या फार झाल्या, तर शिक्षण खात्याकडील नोंदणीचे व कराचे नियम जाणत्या हिशेबनिसाकडून समजून घ्यावेत. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेतोवर सेवाकराच्या जागी आलेल्या वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही, आणि तेथपर्यंत पोचणाऱ्यास आमच्या सल्ल्याची गरजही उरणार नाही!

शिकविणाराचा स्वतःचा उत्साह कसा टिकावा, हाही प्रश्न आहे. रोज तीच "आय हॅव टू ब्रदर्स" ची वाक्ये तीन तुकड्यांत घेणारा माणूस दोन वर्षांत गंजतो. त्याचे स्वतःचे इंग्रजीही विद्यार्थ्यांच्या पातळीवर उतरू लागते; हे आम्ही कित्येक क्लासवाल्यांत पाहिले आहे. त्याने रोज वीस मिनिटे आपल्यासाठी राखावीत, इंग्रजीत काही वाचावे आणि ऐकावे, ज्याचा उद्याच्या तासाशी संबंध नाही असे. हैदराबादेस १९५८ साली स्थापन झालेली इंग्रजीच्या अध्यापनाची मध्यवर्ती संस्था, जी आज इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते, ती शिक्षकांसाठी अभ्यासक्रम चालविते. एखाद्या होतकरू मुलीस तसल्या अभ्यासक्रमाची फी द्यावयाची झाल्यास ट्रस्टने ती शिष्यवृत्तीतच धरावी, अशी आमची सूचना आहे.

दुसरी सूचना जागेविषयी. वरील हिशेबात सर्वांत जड बाब भाड्याची आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. ट्रस्टचे सभागृह सकाळी सहा ते आठ आणि दुपारी दोन ते चार रिकामे असते. पहिल्या वर्षापुरते ते नव्या क्लासला केवळ वीज व झाडलोटीच्या खर्चावर द्यावे, मोबदल्यात त्या क्लासने दर तुकडीत दोन गरजू मुले बिनफी घ्यावीत, आणि वर्ष संपताच जागा पुढच्या अर्जदारास मोकळी करून द्यावी. पाच हजारांचे भाडे वाचले तर १२ मुलांची तुकडी १२ चीच ठेवणे परवडते. अर्ज कसा असावा, त्यासोबत काय जोडावे, याचा कच्चा मसुदा आम्ही चिटणीसांकडे दिला आहे. इच्छुकांनी तो कार्यालयातून मागून घ्यावा आणि जूनमधील प्रवेश डोळ्यांपुढे ठेवून मार्चअखेर भरून द्यावा.